दुसऱ्या सहीची जागा

१४ सप्टेंबर, रविवार

नवी वही काढली आणि पहिलंच वाक्य रागाचं लिहिते आहे. असू दे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गोपाळराव यांनी सकाळी लिफ्टशेजारी कागद चिकटवला. ‘काही सभासद विजेच्या स्कूटरची बॅटरी घरात आणून चार्ज करतात. हे धोक्याचे आहे. संबंधितांनी समजून घ्यावे.’ बारा बिऱ्हाडांत विजेची स्कूटर एकच आणि ती माझी. मग ‘काही सभासद’ कशाला? सुभद्रा गिरडकर असं सरळ नाव लिहायचं होतं. मी खाली सही करून दिली असती.

मला धोका शिकवतात! तेवीस वर्षं मी वीज केंद्राच्या बॅटरी रूममध्ये काढली. नवरा आजारपणात गेला, त्याच्या जागी मी लागले, तेव्हा सुशील नऊ वर्षांचा होता. शिशाचे एकशे दहा सेल, रोज प्रत्येकाचं ॲसिड मोजायचं, डिस्टिल्ड वॉटर भरायचं, पंख्याचा आवाज बदलला तरी कान टवकारायचे. साड्यांना ॲसिडची बारीक भोकं पडायची, पण माझ्या पाळीत एक सेल कधी उपाशी राहिला नाही.

तिथल्या नोंदवहीचे नियम मला आजही झोपेतून उठवून विचारा. लिहिलं नाही ते झालं नाही. चूक झाली तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, एक आडवी रेघ मारून बाजूला खरं लिहायचं आणि सही करायची. आणि दर पानाखाली दोन सह्या: एक करणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची. ही वहीसुद्धा तशीच आखली आहे. पुढच्या बाजूने बॅटरीच्या नोंदी आणि मागच्या बाजूने हे, माझ्या मनातलं. गोपाळराव उद्या आले आणि म्हणाले दाखवा, तर पुढची बाजू दाखवीन.

जेवताना सुशील म्हणाला, “आई, विकून टाक ना वं ते गाडी. तुले जिथं जायचं तिथं मी सोडून देत जाईन.”

“सोडून द्याले मी काय शाळेतली पोरगी आहे?”

तो माझ्या हातांकडे पाहत बसला. त्याला माझी लाज वाटते, हे मला आजचं माहीत नाही. त्याच्या शाळेच्या गॅदरिंगला मी भोकांच्या साडीत गेले होते तेव्हाही तो असाच पाहत होता.

सूनबाईला, अपेक्षाला, म्हटलं, नोंदीखाली दुसरी सही तू कर. ती म्हणाली, “मले त्यातलं काय समजते, आई? उद्या काही झालं तं माझी सही निघाची.” दुसऱ्या सहीची जागा रिकामी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

यमुताईला घेऊन आले. यमुताई म्हणजे बॅटरी रूममधली माझी जोडीदारीण, आता लेकाच्या क्वार्टरमध्ये कोराडीला राहते. उजवा खांदा आखडला आहे, हात वर जात नाही. बसमध्ये दांडा धरता येत नाही, ऑटोवाला परतीचं भाडं मिळत नाही म्हणून तिकडे यायला नाक मुरडतो. म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी धरमपेठेतून निघते, कोराडीहून तिला मागे बसवते, रामदासपेठेत व्यायामाच्या डॉक्टरकडे नेते आणि परत सोडते. चार फेऱ्यांचे पन्नास-बावन्न किलोमीटर होतात. बॅटरी पुरते.

वाटेत वीज केंद्राच्या राखेच्या ट्रकने डोळ्यांत धूळ टाकली तर मागून यमुताई ओरडली, “सुभद्रे, दाब ना वं गाडी, याले मागं टाक!” टाकला.

आज तिचा हात कानापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत व्यायामाची एकही पाळी चुकवली नाही तर वेणी स्वतःची स्वतः घालाल. गोपाळरावांना हे कोणत्या कागदावर चिकटवून दाखवू?

घरी आल्याबरोबर बॅटरी ट्रॉलीवरून वर आणली, गॅलरीत चार्जला लावली. ती कायम चार्जवरच असते. भरलेली बॅटरी सुखी बॅटरी, हे मी तेवीस वर्षांत शिकले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांची झडती घेतली. अपेक्षाचा फोन उशीखाली चार्ज होत होता. काढला. बीपीच्या मशीनच्या चार्जेबल सेलमध्ये तिने दोन साधे सेल मिसळून चौघांना एकत्र चार्जरमध्ये कोंबलं होतं. साधा सेल चार्ज करतात का कुठे? फुटून पाणी गळेल. फ्रिजवर कागद लावला: जिचा चार्जर तिलाच, उशी-गादीवर नाही, नवे-जुने एकत्र नाही, फुगलेली असेल तर हात लावायचा नाही आणि मला हाक मारायची. अपेक्षा म्हणाली, “घराची बॅटरी रूम झाली.” झाली तर झाली.

सुशील हल्ली सकाळी उठल्या उठल्या गॅलरीत जातो. तुळशीला पाणी घालायला म्हणे. तुळशीला मी रोज घालते. दोनदा पाणी पडून कुंडीत चिखल झाला आहे. तोंडावर सांगितलं तरी ऐकत नाही, उलट म्हणतो, “राहू दे वं.”

२५ सप्टेंबर, गुरुवार

नवरात्रातलं हळदीकुंकू गोपाळरावांकडे. त्यांची बायको रंभाबाई माणूस गोड. आग्रह करून साबुदाण्याचा वडा दिला. वडा खाता खाता माझं लक्ष देवघराकडे गेलं. खाली बंद कपाटात इन्व्हर्टर, त्याची शिशाची मोठी बॅटरी, आणि बरोबर वर नऊ दिवसांचा अखंड दिवा! लोडशेडिंगनंतर बॅटरी जोरात चार्ज व्हायला लागली की तिच्यातून गॅस निघतो, तो वर जातो, आणि वर जाऊन त्याला भेटते ज्योत. आमच्या बॅटरी रूममध्ये कोणाच्या खिशात काडीपेटी सापडली तर त्याची ड्युटी संपायची.

गोपाळरावांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, “सुभद्राबाई, देवाच्या पायाशी आहे, काही होत नाही.”

बरं. पुढच्या बाजूला नोंद केली, तारीख-वेळेसकट.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

आजचा दिवस मनासारखा गेला.

बॅटरी रूममध्ये दर खंडेनवमीला आमचे साहेब दारात उभे राहायचे. म्हणायचे, “फुलं, कुंकू, जे काय वाहायचं ते दाराला. सेलच्या जवळ काही नाही.” बाकीच्या खात्यांत मशीनी हारांनी झाकून जायच्या आणि आम्ही बाया उंबऱ्याला कुंकू लावून परत. माझं पोट ज्या सेलांनी भरलं त्यांना एक बोट कुंकवाचं लावू दिलं नाही. तेवीस वर्षं ते मनात राहिलं.

आज बॅटरी माझी, घर माझं, साहेब कोणी नाही. तिला पुसून पाटावर ठेवलं. हळद लावली. जिथून वीज आत जाते त्या तोंडाशी मनापासून ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, ओल्या अक्षता भरभरून वाहिल्या, नारळ फोडून पाणी शिंपडलं. सुशील मागे उभा होता. “आई, आत जाईन ना ते.”

“देवाच्या कामात डोकं लावू नको.”

तो मग फडकं घेऊन वरवर पुसायला लागला, तर मी फडकं हिसकून घेतलं. पूजा झाल्यावर पुसतात का?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल यमुताईकडे जाऊन सोनं दिलं, आज पुन्हा तिची व्यायामाची पाळी करून आले. हात डोक्याला लागला! रस्त्यात सगळ्यांना दाखवत होती.

चार्जला लावताना प्लग नेहमीसारखा पुरता बसला नाही. दाबून बसवला. तासाभराने पंजाची मागची बाजू टेकवून पाहिलं तर प्लग कोमट लागला. बॅटरी गार. नोंद केली: ‘प्लग कोमट. उकाड्यामुळे.’

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी तीन वीस. जळका वास आला. गॅलरीत धूर, आणि प्लगचं प्लास्टिक मेणासारखं ओघळलेलं. आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग मेन बंद केला, मग प्लग गार होईपर्यंत हात लावला नाही. बॅटरीवर पंजाची मागची बाजू टेकवली. ती गार होती, फुगलेली नव्हती. तरी तिला ट्रॉलीवर घालून खाली उघड्यावर, गेटजवळ फरशीवर ठेवलं आणि तासभर तिच्यापासून लांब उभी राहिले.  बॅटरी रूमची बाई आहे मी.

पण धूर दिसायचा त्याला दिसला. पाच मिनिटांत सगळी सोसायटी खाली. गोपाळराव म्हणाले, “मी काय म्हणत होतो?” सगळ्यांदेखत, बोट दाखवून.

मीही बोट दाखवलं. “चार्जर खराब निघाला. तुमच्याकडे मिक्सर जळला तर तुम्ही जेवण बंद करता का?”

सुशील ऑफिस अर्ध्यावर सोडून आला होता. चेहरा पांढरा. त्याने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि वर निघून गेला. एवढी लाज वाटली असेल तर घर वेगळं करावं त्याने.

नोंद: ‘प्लग वितळला. कारण: सदोष चार्जर.’ सही केली.

५ ऑक्टोबर, रविवार

कमिटीचा कागद आला. रविवारी १२ तारखेला सभा. तोवर इमारतीत बॅटरी चार्ज करायची नाही. सभेत कायमची बंदी घालायची की नाही ते ठरेल. बंदी झाली की गाडी विकावीच लागेल, दुसरीकडे कुठे नेऊन लावू? मी उलट पत्र दिलं, ‘चार्जर सदोष होता, बदलून आणते, माझा हक्क सोडणार नाही.’ खाली ठळक सही.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल यमुताईची व्यायामाची पाळी चुकली. आज बॅटरी आणि चार्जर घेऊन सर्व्हिसवाल्या स्वानंदकडे गेले. मुलगा हुशार, तोंडाने फटकळ, त्यामुळे माझं त्याच्याशी पटतं.

जाताच सुनावलं, “कसला चार्जर दिला गा तू? जळून गेला!”

त्याने बॅटरीच्या तोंडात टॉर्च मारली. बराच वेळ पाहत होता. मग चिमट्याने काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. “काकू, हे काय होय?”

तांदळाचा दाणा होता. अर्धा काळा, अर्धा लाल.

“आतमधी अजून कुंकू आहे, लगदा होऊन बसलं आहे. दाण्यानं प्लग पूर्ण बसू देला नाही. लूज कनेक्शन म्हणजे तापनारच न. चार्जर एकदम ओके होता, काकू. बॅटरीबी ओके आहे, सॉकेट तेवढं बदलून देतो.”

मी दाण्याकडे पाहत राहिले. आमचे साहेब दारात उभे राहिलेले दिसले. मला वाटायचं तसं ते आम्हाला बायका म्हणून अडवत नव्हते, सेल जपत होते. आणि सुशील फडकं घेऊन उभा होता तेही दिसलं.

स्वानंदने मग विचारलं, चार्ज कसा करता. अभिमानाने सांगितलं, कायम लावलेली असते. त्याने कपाळाला हात लावला. “काकू, ते शिशाच्या बॅटरीचं झालं. ते उपाशी राहिली की मरते. हे लिथियमवाली पोटभर ठेवली की म्हातारी होते. गाडीवरून आल्यावर अर्धा तास गार होऊ द्या, मग लावा, भरली की काढा. दुसऱ्या दिवशी दूर जायचं नसन तं ऐंशीवरच काढा. अन् घरातून बाहेर पडाच्या वाटेवर कधी लावू नका.”

तेवीस वर्षांचं शिक्षण घेऊन मी त्या पोरासमोर स्टुलावर बसले होते. राग आला. त्याचा नाही.

निघताना तो म्हणाला, “टेन्शन नका घेऊ. मी कोणाले सांगत नाही. सभेत म्हना चार्जर बदलला, झालं.”

१० ऑक्टोबर, शुक्रवार

यमुताई बसने निघाली होती. पहिल्याच स्टॉपवर उतरून घरी परत गेली. फोनवर हसून सांगत होती, ब्रेक लागला तर डाव्या हाताने एका कॉलेजच्या पोराची बॅगच धरली म्हणे. मग म्हणाली, “हात पुन्हा कानाच्या खाली आला वं, सुभद्रे.”

स्वानंदचं ऐकलं तर काम सोपं आहे. चार्जरवर सगळं ढकलायचं, नवा दाखवायचा, गोपाळरावांचं तोंड बंद. खरं बोलले तर गाडी जाईल आणि यमुताईची वेणीही. दोन दिवस पुढची बाजू उघडून त्या ओळीकडे पाहते आहे. ‘कारण: सदोष चार्जर.’ तिच्यावर माझी सही आहे. तेवीस वर्षांत माझ्या सहीखाली खोटं एकदाही गेलेलं नाही.

मला भीती वाटते आहे. लिहून ठेवते. लिहिलं नाही ते झालं नाही, असं व्हायला नको.

१२ ऑक्टोबर, रविवार

सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झाली. गोपाळरावांनी भाषण तयार करून आणलं होतं. ते उठायच्या आधी मी उठले.

म्हटलं, “मी पत्रात चार्जर सदोष लिहिलं होतं. ते चूक आहे.” आणि वही उघडून वाचलं. ‘कारण: सदोष चार्जर’ वर एक आडवी रेघ. बाजूला: ‘कारण: खंडेनवमीला चार्जिंगच्या तोंडात मी वाहिलेल्या ओल्या अक्षता आणि कुंकू. मुलाने अडवलं होतं, ऐकलं नाही. सुभद्रा गिरडकर.’ दाणा कागदाच्या पुडीत नेला होता. तो पण फिरवला.

एक जण हसला. मग सगळे हसले. हसू दिलं.

गोपाळराव उठले. “बाईंनी स्वतःच कबूल केलं आहे. आता मतदानाचीसुद्धा गरज नाही.”

“थांबा. माझी चूक वाचून झाली. वहीत आणखी पानं आहेत.” आणि २५ सप्टेंबरची नोंद वाचली. बंद कपाट, शिशाची बॅटरी, वर अखंड दिवा, वेळ सायंकाळी सहा दहा, सांगितले, हसले. “माझ्या बॅटरीने प्लग जाळला. तुमची पेटली तर कपाटासकट देवघर उडेल. बंदी घालायची तर दोन्हींवर घाला. नाहीतर दोन्ही नीट करा. मी माझी नीट करते आहे.”

गोपाळराव काही बोलायच्या आत रंभाबाई मागून म्हणाल्या, “मी कवाची सांगून राहिली ह्यायले, ते तिथून काढा म्हनून!”

यानंतर जो गोंधळ झाला तो लिहीत नाही. तासाभराने ठरलं ते असं. घरात बॅटरी चार्ज करायची नाही. खाली गेटजवळ, उघड्या बाजूला, माझ्या मीटरवरून सॉकेट लावायचं. दिवसा, मी समोर बसलेली असताना. मी म्हटलं, मंजूर. गोपाळरावांना हार पचेना. माझी वही मागून घेतली, पाहिली, आणि बोट ठेवलं त्या रिकाम्या जागेवर. “तुमच्याच नियमाने दोन सह्या लागतात ना? मग सोसायटीतल्या एका सभासदाची दुसरी सही आणा. रोज त्याने खाली येऊन पाहायचं, जबाबदारी घ्यायची. सहीशिवाय बटण दाबायचं नाही.”

त्यांना वाटलं, कोणी मिळणार नाही. मला वाटलं, मिळेल. मंजूर म्हटलं. सुशील सबंध सभेत मान खाली घालून बसला होता.

१५ ऑक्टोबर, बुधवार

अकराच्या अकरा घरी जाऊन आले. चहा सगळ्यांनी दिला, सही कोणीच नाही. “तुमच्यावर विश्वास आहे हो, पण सही...” रंभाबाई करणार होत्या, गोपाळरावांनी पेन काढून घेतलं. त्यांच्याकडे सुतार आला आहे, इन्व्हर्टर गॅलरीत जातो आहे. माझं ऐकलं, पण मला सही नाही!

घरच्यांना विचारलं नाही. अपेक्षाने एकदा नाही म्हटलं आहे. आणि ज्याला माझी लाज वाटते त्याच्यापुढे वही पसरणार नाही.

सॉकेट बसलं आहे. वीज आहे. दुपारी पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. बटण दाबलं तर कोणाला कळणार नाही. खुर्ची टाकून बसले, बॅटरीत वीस टक्के होतं, बटण दाबलं नाही. नियम गोपाळरावांचा असता तर दाबलं असतं. तो माझा आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी साडेसातला पुन्हा खुर्ची टाकून बसले. उद्या शुक्रवार. यमुताईला काय सांगू ते जुळवत होते, तेवढ्यात सुशील उतरला. ऑफिसच्या कपड्यांत, हातात दुसरी खुर्ची. माझ्यासमोर टाकली. खाली वाकून सॉकेटमध्ये मोबाईलची टॉर्च मारली, प्लग पाहिला, आणि बॅटरीवर हात टेकवला. पंजाची मागची बाजू. अगदी माझ्यासारखी.

“हे कुठं शिकला तू?”

“तुझं पाहून. रोज सकाळी बॅटरी तपासतो तं, गॅलरीत.”

तुळशीचा चिखल डोळ्यांपुढे आला.  तोच बोलायला लागला.

“लहानपणी तू ड्युटीवरून आली की मी तुझ्या साडीचे भोकं मोजत होतो, आई. कालच्यापेक्षा एकबी जास्त असलं तं मले झोप येत नव्हती. बाबा गेले होते. वाटे, एक दिवस भोक साडीले नाही पडनार.” तो प्लगकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. “मले आजबी आवडत नाही तू हे करतेस ते. पन तू ऐकनार नाहीस.”

“नाही ऐकणार.”

“मंग वही दे.”

दिली. त्याने ओळन् ओळ वाचली, मला दोन प्रश्न विचारले, ऐंशीला काढायचं का नव्वदला तेही विचारलं. मग सही केली. मी बटण दाबलं. तो ऑफिसला उशीर करून अर्धा तास समोर बसला.

नोंद: ‘सकाळी ७.५०. बॅटरी गार. प्लग गार. शेरा नाही. केलं: सुभद्रा. पाहिलं: सुशील.’

संध्याकाळी यमुताईला फोन केला, उद्या नऊला तयार राहा. मग ही मागची बाजू पहिल्यापासून वाचली. १४ सप्टेंबरच्या पानावर ‘त्याला माझी लाज वाटते’ असं लिहिलं आहे. त्यावर एक आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं: ‘त्याला माझी भीती वाटते. मला काही होईल याची. सुभद्रा गिरडकर.’

या दुरुस्तीवर त्याची सही घेणार नाही. हे पान त्याला दाखवायची हिंमत अजून झालेली नाही.